तीन वीस ते सहा सत्तेचाळीस

२२ फेब्रुवारी २०२६, रविवार. पूर्णा

उपाशीपोटी ९४. दुपारच्या जेवणानंतर १३६.

वैष्णवीच्या साखरेचे आकडे रोज लिहून ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून जानेवारीत ही वही घेतली. आकड्यांखाली एखादी ओळ लिहायची सवय कधी लागली ते कळलं नाही. भूमी अभिलेख कार्यालयात तीस वर्षं लिपिक होते, पण ते लिहिणं वेगळं.

इंजेक्शन दिवसातून तीनदा, जेवणाआधी. ती स्वतःच टोचून घेते. मी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाते. टोचल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली येते आणि बाळालाही धोका, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं. मी तिची सासू आहे हे कळल्यावर तिसऱ्यांदा बजावलं.

सोनपेठहून वैष्णवीच्या वडिलांचा, दिनकररावांचा फोन होता. वैष्णवीला माहेरी कधी पाठवता, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या वेळी सोनोग्राफी राहिली होती. दुसऱ्या वेळी माझ्या विवेकचं मासिक श्राद्ध होतं. आज सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी मी म्हटलं, बघू या आठवड्यात. विवेकला जाऊन तीन महिने तीन दिवस झाले.

१ मार्च, रविवार

उपाशीपोटी ९०.

आठवा महिना बुधवारी लागतो. आठव्यात गरोदर बाईला हलवत नाहीत. उद्या तिची तपासणी आहे, म्हणजे राहिला फक्त मंगळवार. मंगळवारी धुळवड. वैष्णवीचा भाऊ गोपाळ जीप आणणार होता, पण धुळवडीला रंगानं खराब होते म्हणून कुणी जीप द्यायला तयार नाही. मी म्हटलं, रेल्वेनं परभणी आणि पुढे बस, मी आणून सोडते.

नंतर कॅलेंडर नीट बघितलं. मंगळवारी चंद्रग्रहण आहे. दुपारी ३.२० ते संध्याकाळी ६.४७.

सकाळी आठची गाडी धरली तर एक-दीडपर्यंत सोनपेठ. वैष्णवीला मी शांतपणे समजावलं. गरोदर बाईनं वेध पाळायचे नसतात, तेव्हा ३.२० पर्यंत खाऊन घ्यायचं. त्यानंतर खाणं नाही, झोपणं नाही, काही कापणं-टोचणं नाही, उघड्यावर यायचं नाही.

"आई, इंजेक्शन?" तिनं विचारलं.

"तेवढ्या वेळात नको. आधी घे नाहीतर नंतर."

"बरं," ती म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणते.

पृथ्वीची सावली चंद्रावर पडते हे मलाही शाळेत शिकवलं होतं. पण विवेक गेला त्या सकाळी तो डबा विसरला म्हणून मी त्याला मागून हाक मारली होती. तो परत आला, डबा घेतला, हसला आणि गाडी चालू केली. त्यानंतर मी एकही नियम मोडलेला नाही.

३ मार्च, मंगळवार

सकाळी ९.१०, पिंगळी स्टेशन. गाडी पन्नास मिनिटं उभी आहे. पुढच्या डब्यात रंग खेळणाऱ्या पोरांनी साखळी ओढली, मग भांडण झालं, मग पोलीस आले. वैष्णवीनं सव्वासहाला इंजेक्शन घेऊन दोन पोळ्या खाल्ल्या आहेत. आम्ही खिडकी लावून बसलो आहोत. बाहेर कुणीतरी हलगी वाजवतंय. प्रत्येक थापेला मी घड्याळ बघते. ती म्हणते, "आई, वेळ हाय अजून. घाबरू नका." माझा चेहरा दिसत असावा.

दुपारी १२.४०, परभणी बस स्थानक. धुळवडीमुळे सकाळच्या गाड्या नाहीत, एकनंतर सुटतील असं खिडकीवर सांगितलं. गोपाळचा फोन आला.

"मावशी, तिथंच थांबा. मी कुणाची तरी गाडी मागून घेऊन येतो."

"नको, बस लागतेच आहे."

"दाजी असते तर त्यांनी तरी ऐकलं असतं माझं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

वैष्णवीनं एक केळं खाल्लं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे. जेवून घे म्हटलं तर म्हणाली, "मायनं सैपाक करून ठेवलाय, तिकडंच टोचून घेते आन् जेवते." मला ते पटलं. आईच्या हातचं जेवायला किती दिवस झाले तिला.

दुपारी ३.१२, गंगाखेड. सोनपेठच्या बसमध्ये जागा मिळाली आहे. वैष्णवी पर्स घेऊन स्वच्छतागृहात गेली होती, बराच वेळ लागला तिला. तेवढ्यात मी डबा देऊन टाकला. ग्रहण लागलं की शिजवलेलं अन्न टाकूनच द्यावं लागतं, त्यापेक्षा कुणाच्या मुखी लागलेलं बरं. फलाटाशी बसलेल्या एका म्हातारीनं दशम्या घेतल्या.

वैष्णवी येऊन बसली आणि पिशवीत हात घालून चाचपायला लागली.

"डबा कुठंय, आई?"

"दिला एका बाईला. ग्रहणाला आठ मिनिटं राहिली."

तिनं पिशवीतून हात काढला. मग म्हणाली, "बरं केलंत." बाहेरचं दुकान बंद दिसतंय. कंडक्टरनं घंटी दिली. तासाभरात पोचू. देवाची कृपा.

४ मार्च, बुधवार. सोनपेठ

काल पुढे लिहिता आलं नाही. आज घडलं तसं लिहिते.

गंगाखेड सोडून बारा-तेरा किलोमीटर गेलो असू. अरुंद पुलाच्या तोंडाशी उसाची ट्रॉली आडवी झाली होती. रस्ताभर ऊस. ट्रॅक्टरवाला दुसरा ट्रॅक्टर आणायला गेलेला. कंडक्टर बघून आला आणि म्हणाला, "दोन तास तरी काय खरं न्हाई." त्या वेळी चार वाजत होते.

लोक खाली उतरले. वैष्णवीला मी उतरू दिलं नाही. खिडक्यांच्या काचा लावल्या आणि तिच्या बाजूला माझी शाल अडकवली. आत भट्टीसारखं झालं. ती घामानं भिजायला लागली, ते मला उकाड्यामुळे वाटलं. मी वहीनं वारा घालत होते. याच वहीनं.

आमच्या मागच्या सीटवर दगडाबाई नावाची एक म्हातारी होती. लेकीकडे चाललेली, तोंडात मिश्री. तिनं पुढे वाकून बघितलं.

"ओ बाई, हिचे व्हट पांढरे पडायलेत की."

"गरम होतंय तिला."

"गरमीनं व्हट लाल व्हतेत. डोळे फुटलेत का तुमचे?"

मी वैष्णवीचा हात धरला. हात गार होता आणि थरथरत होता. मी हाक मारली. तिनं डोळे उघडले पण माझ्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं.

"आई, हे कुठं उतरले?" ती म्हणाली. "त्यांना हाक मारा ना. गाडी सुटंल."

मीही दाराकडे बघितलं. एवढंच लिहू शकते.

दगडाबाईनं तिच्या गालावर हलक्या चापट्या मारल्या. "कुणी न्हाई उतरलं, लेकरा. इकडं बघ. जेवलीस का?"

"न्हाई. गंगाखेडला टोचून घेतलं," वैष्णवी बोबडं बोलली. "गिराणात टोचायचं न्हाई म्हणून आधीच. डबा खाणार होते."

तेव्हा मला सगळं कळलं. ती आत सुई टोचून घेत होती त्याच वेळी मी बाहेर तिचं जेवण वाटत होते. दुपारचं इंजेक्शन आधीच उशिरा झालेलं, चुकवलं तर बाळाला त्रास आणि ३.२० नंतर टोचलं तर मला त्रास, म्हणून तिनं ते मधेच घेऊन टाकलं होतं. आणि डबा नाही म्हटल्यावर ती बरं केलंत म्हणाली होती.

पर्समधून मशीन काढलं. बोट मीच टोचलं. आयुष्यात पहिल्यांदा. आकडा आला ४६.

कंडक्टरनं खाली उतरून सगळ्यांना विचारलं. ग्रहण म्हणून कुणाकडेच खाण्याचं काही नव्हतं. एका बाईच्या पिशवीत एक पेपरमिंटची गोळी निघाली, ती वैष्णवीच्या गालात ठेवली. मी एकशे आठला फोन लावला. अर्धा-पाऊण तास लागेल म्हणाले.

"अगं, साखरंचा डोंगर पडलाय समोर अन् फोन काय लावत बसलीस!" दगडाबाई ओरडली.

मी खाली उतरले. ट्रॉलीपाशी ऊसतोडीचा एक माणूस राखणीला बसला होता. जवळ कोयता होता. मी त्याला म्हटलं, सून गरोदर आहे, साखर उतरलीय, लवकर ऊस तोडून द्या.

तो उठला, कोयता घेतला आणि थांबला.

"किती महिने?"

"सातवा सरला."

त्यानं कोयता खाली ठेवला. "बाई, रागावू नका. माझी बायको बी दिसात हाय. तिकडं पालात बसवून आलोय तिला, हलू नको म्हणून. मी गिराणात कापायचा न्हाई. ऊस लागंल तेवढा घ्या, कोयता घ्या, पर हात माझा नको."

सकाळपासून मी दुसरं काय करत होते?

आकाशात काहीच नव्हतं. ऊन होतं, चंद्र उगवायला दोन तास होते. पण माझ्या मनगटावरच्या घड्याळात चार अठ्ठेचाळीस झाले होते आणि तिकडे जमिनीखाली कुठेतरी ते चालू होतं. बाई ग्रहणात कापते तेव्हा मुलाला खाच पडते, कान कातरतो, ओठ दुभंगतो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. विवेकच्या वेळी मी पूर्ण ग्रहण हात मांडीवर ठेवून एका पाटावर बसले होते. मला वाटलं, कोयता उचलला तर बाळाचं काही होईल. नाही उचलला तर दोघांचं. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना.

मी कोयता उचलला.

पहिला घाव उसावर बसलाच नाही, दगडावर बसला. बसच्या दारातून दगडाबाई ओरडत होती, "आडवा नको, तिरपा मार! शिकलेल्या हाताला कोयता कशाचा येतोय! कांड्यावर न्हाई, मधी, मधी!" मी मारत गेले. डाव्या हाताच्या अंगठ्याला लागलं तेही नंतर कळलं. चार-पाच तुकडे सोलले, दगडानं ठेचले, माझ्या धुतलेल्या रुमालात घालून पिळले. बाटलीच्या झाकणात रस धरायचा आणि बसमध्ये न्यायचा. वैष्णवीला चावायची ताकद नव्हती पण गिळत होती. दगडाबाईनं तिचं डोकं उचलून धरलं होतं. म्हातारीच्या हातांची बोटं वाकलेली, मूठही वळत नव्हती, तरी एक थेंब सांडू दिला नाही.

किती झाकणं पाजली ते मोजलं नाही. मी पळत जायची, ठेचायची, पळत यायची. एका वेळी आत आले तर वैष्णवी माझ्या हाताकडे बघत होती.

"आई, रक्त येतंय."

"माझं आहे," मी म्हटलं.

"तुमी कापलंत?"

मी झाकण पुढे केलं. तिनं झाकण धरून स्वतः प्यायलं.

पाच दहाला ७१. मी फोन केला होता, तरी गोपाळ पलीकडच्या बाजूला कुणाची तरी कार घेऊन यायला सहा वाजून गेले. उसावर पाय देत देत आम्ही तिला पुलापलीकडे नेलं, मी माझी शाल तिच्या डोक्यावर धरून. गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या ॲम्ब्युलन्सला फोन करून गोपाळनं थेट सोनपेठच्या दवाखान्यात नेतो असं कळवलं. दगडाबाई रस्त्यात उभी राहून म्हणाली, "व्हय बाई, आता तरी सुनंला खाऊ घालत जा." लोक हसले. मला राग आला नाही.

बाळ हलत नव्हतं. निदान वैष्णवीला कळत नव्हतं. अंधारायला लागलं होतं. मागच्या काचेतून चंद्र दिसला. एका बाजूनं खाल्लेला, तांबूस. साडेसहा वाजून गेले होते. मी वैष्णवीचं डोकं माझ्या मांडीवर दाबून धरलं, तिनं बघू नये म्हणून. आणि ती म्हणाली, "आई, हललं. आत्ता हललं." मी तिला बोलू नको म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

दवाखान्यात ठोके लावून दाखवले. घोडा पळावा तसा आवाज. साखर १०८. डॉक्टर मला म्हणाले, "आजी, शिकलेल्या दिसता."

घरी वैष्णवीच्या आईनं, चतुराबाईंनी, तिला जवळ घेतलं आणि पहिलं हेच विचारलं, "गिराणात भाईर तर न्हाई ना आलीस? कुणी काई कापलं-चिरलं न्हाई ना?"

"बसमधीच पडून होते, माय. चक्कर आली नुसती. एका बाईनं उसाचा रस पाजला."

"आन् जेवली का न्हाईस येळंवर?"

"इसरले," वैष्णवी म्हणाली.

मी तिथेच उभी होते. माझा अंगठा पदरात होता. बोलायला हवं होतं.

७ मार्च, शनिवार. पूर्णा

काल परत आले. विहिणीच्या घरी किती दिवस राहणार? निघताना वैष्णवी दारापर्यंत आली. मी म्हटलं, मी त्यांना सांगते खरं काय ते. ती म्हणाली, "काय सांगणार? मी इसरलेच होते." मग माझ्या अंगठ्यावरची पट्टी नीट केली.

संध्याकाळी तिचा फोन आला. उपाशीपोटी ९२. जेवणानंतर १२८. मी लिहून घेतलं.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली नाही. उपाशीपोटी ८९.

१४ एप्रिल, मंगळवार

उपाशीपोटी ९५. सोनोग्राफीत सगळं ठीक आहे म्हणाली. ओठ दिसले का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दिसले, आई. चांगलेत." कानाचं विचारायचं धाडस झालं नाही. सोनोग्राफीत कान दिसतात की नाही मला माहीत नाही.

रसवंतीची गाडी गल्लीत येते तेव्हा मी दार लावून घेते. घुंगरांचा आवाज तरीही येतो.

९ मे, शनिवार. सोनपेठ

काल पहाटे मुलगी झाली. दोन किलो आठशे. वैष्णवी सुखरूप.

आज सकाळी मी पोचले तेव्हा चतुराबाई बाळाला घेऊन खाटेशी बसल्या होत्या. त्यांनी ते माझ्या मांडीवर दिलं. सगळे आनंदात होते, गोपाळ पेढे वाटत होता. मी दुपटं बाजूला केलं आणि बोटं मोजली. हाताची, पायाची. ओठ बघितले. टाळू बघायला हनुवटी जरा खाली ओढली तर ती रडली.

"काय शोधायलाव हो विहीणबाई?" चतुराबाई हसल्या. "सगळं जाग्यावर हाय."

मी टोपडं मागे केलं. उजवा कान चांगला. डाव्या कानाच्या वरच्या कडेला खाच होती. लहानशी, तिरपी. मी टोपडं खाली ओढलं, पण चतुराबाईंनी बघितलं होतं. त्यांनी वाकून कडेवरून बोट फिरवलं.

"अगं बाई. हे काय? टोपड्यात ध्यानातच आलं न्हाई." त्यांचा आवाज बदलला. "वैष्णवे, डॉक्टर काय म्हणले?"

"असतं म्हणले कुणाकुणाचं. ऐकू येतंय तिला, तपासलंय."

"गिराणाचं हाय हे. त्या दिवशी काय झालतं खरं सांग. कुणी कापलतं?"

मी तोंड उघडलं. आता सांगायचं, असं ठरवलंच होतं. आणि मग त्या म्हणतील, पाठवत नाही परत, आणि ते बरोबरच होईल.

"काई तरीच काय, माय," वैष्णवी उशीला टेकून म्हणाली. "ह्यांचा कान तसाच होता. टोपी घालायचे ना सारखी, म्हणून तुला दिसला न्हाई. विचार आईंना."

विवेकचे कान मी वर्षानुवर्षं धुतले, तेल घातलं, शाळेत जाताना टोपीखाली नीट बसवले. दोन्ही गोल होते. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. हे वैष्णवीला माहीत नाही असं होणार नाही. तीन वर्षं संसार केला तिनं. ती बाळाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "डावाच. जन्मापासून."

चतुराबाईंनी बाळाकडे पुन्हा बघितलं. मग कानशिलावर बोटं मोडली आणि डोळे पुसले. "बापावर गेली गं माझी बाय," म्हणाल्या.

सव्वा महिना झाला की वैष्णवी बाळाला घेऊन पूर्णेला येणार आहे. तिनं स्वतःच सगळ्यांसमोर तसं सांगितलं. चतुराबाई सोबत येऊन चार दिवस राहणार आहेत. त्याआधी मला समोरच्या खोलीतला विवेकचा फोटो उतरवून कपाटात ठेवायचा आहे. त्यात त्याचा डावा कान स्वच्छ दिसतो.